आज रात्री तालमीला जा

ताई,

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहतो. वय ३८, पणजीला सरकारी कचेरीत कारकून. आमच्या देवळाच्या जत्रेला दरवर्षी गावचं नाटक होतं आणि गेली १२ वर्षं मी त्यात प्रॉम्प्टिंग करतो, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेले शब्द सुचवतो. यंदा दसऱ्याला वाचन झालं तेव्हा दिग्दर्शकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की किल्लेदाराची भूमिका मी करायची. नाटक तीन अंकी, ऐतिहासिक, आणि किल्लेदार म्हणजे त्याचा कणाच. तुळशीच्या लग्नानंतर तालमी लागल्या. पाच आठवड्यांत मी एकही रात्र चुकवली नाही. पणजीच्या बसमध्ये येता-जाता भाषणं पाठ केली.

२० डिसेंबरला माझा लहानपणापासूनचा दोस्त पुण्याहून सुट्टीवर आला. जत्रा होईपर्यंत राहणार आहे. दुसऱ्या दिवशी तालमीत दिग्दर्शकांनी किल्लेदार त्याला दिला आणि प्रॉम्प्टची वही माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "तो वर्साक एकदां येता. आवाज आसा, ऊंचाय आसा. तूं कितें, हांगाच आसता." मी "बरं" म्हणालो. त्या रात्री तालीम संपेपर्यंत प्रॉम्प्टिंगही केलं. त्यानंतर आज तिसरा दिवस, मी गेलेलो नाही. फोन बंद ठेवला आहे. काल दोस्त केक घेऊन घरी आला होता. मी आतल्या खोलीत होतो, आईने झोपलाय म्हणून सांगितलं. केकचा डबा तसाच फ्रिजवर पडून आहे.

बायको म्हणते, एका रात्रीच्या नाटकासाठी एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मंडळ सोडावंसं वाटतं. पण सोडलं तर रात्री नऊनंतर मी कुठे जायचं, हे काही सुचत नाही. जत्रेला नऊ दिवस आहेत.

विंगेतला

प्रिय विंगेतल्या,

माझ्या धाकट्या भावाहूनही तू लहान, म्हणून अरे-तुरे करते. जत्रा तोंडावर आली आहे, तेव्हा उत्तर आधी देते, बाकीचं मागाहून. मंडळ सोडू नकोस. आज रात्री तालमीला जा. नेहमीपेक्षा अर्धा तास आधी जा, दिग्दर्शकांना बाजूला घे आणि त्यांना सांग, "ती भूमिका मला हवी होती. अजूनही हवी आहे." हे वाक्य तू आजवर कोणालाच सांगितलेलं नाहीस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, त्यातही ते कुठे सापडलं नाही. सापडलं ते "बरं".

तुझ्यावर अन्याय झाला आहे. हे स्वच्छ शब्दांत लिहिते, कारण गावात कोणी तुला असं म्हणणार नाही. "जाऊ दे रे, देवाचं काम" एवढंच म्हणतील. वाचनाच्या दिवशी आपल्याकडे देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात आणि मग भूमिका वाटतात. तिथे दिलेला शब्द म्हणजे सुपारी फुटल्यासारखा. तो फिरवायची वेळ आलीच तर ज्याला दिला त्याला आधी एकट्याला गाठून विचारायचं असतं. चारचौघांत त्याच्या हातात वही ठेवायची नसते. तुझे दिग्दर्शक वाईट आहेत असं मला वाटत नाही. जत्रा जवळ आली की दिग्दर्शकाला माणसं दिसेनाशी होतात, नुसते प्रवेश दिसतात. तरी चूक ती चूकच.

आणि ते "हांगाच आसता". मला वाटतं, भूमिका गेल्यापेक्षा हे तुला जास्त लागलं आहे. इथेच असणाऱ्या माणसावर तर गावचं नाटक उभं राहतं. तालमी होतात त्या देवळाच्या अग्रशाळेची किल्ली कोणाकडे असते? ड्रेपरीवाल्याला मापं कोण कळवतं? मेकअपवाल्याच्या जेवणाची सोय, पडद्याची ओढदोरी, तलवारींना चंदेरी कागद, तालीम संपल्यावर जाजम झटकून गुंडाळणं, सगळ्यांना घालवून शेवटी दिवा मालवणं. पैज लावून सांगते, यातली निम्मी कामं तू करतोस. पत्रात तू त्यांतल्या एकाचंही नाव घेतलं नाहीस. तुझ्या लेखी ती कामंच नाहीत.

प्रॉम्प्टिंग म्हणजे काय, हे ज्याने कधी वही धरली नाही त्याला समजत नाही. नुसतं मोठ्याने वाचणं म्हणजे प्रॉम्प्टिंग, असं लोक समजतात. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर प्रॉम्प्टिंग केलं, म्हणून मला थोडं ठाऊक आहे. त्यांची एक वही अजून माझ्याकडे आहे. डाव्या पानावर संवाद, उजवं पान कोरं, आणि त्या कोऱ्या पानावर तांबड्या पेन्सिलीने बारीक खुणा. एका ठिकाणी उभी रेघ, म्हणजे इथे हा नट थांबतो, विसरलेला नाही, शब्द देऊ नये. एका ठिकाणी टिंब, म्हणजे इथे तो दरवर्षी गडबडतो, श्वास घेतला की लगेच पहिलं अक्षर द्यावं. सबंध वाक्य कधीच द्यायचं नाही. "महाराज" हवं असेल तर "म" पुरे. पूर्ण शब्द दिला तर नट तो ऐकायला थांबतो आणि ते थांबणं प्रेक्षकाला दिसतं. हल्ली तर रंगमंचावर माइक टांगलेले असतात, विंगेतली कुजबुज भोंग्यातून शेतापलीकडे जाते, तेव्हा हे काम आणखी नाजूक झालं आहे. बारा वर्षं जो हे करतो त्याला नाटकातल्या प्रत्येकाचा श्वास पाठ असतो. एवढं जाणणाऱ्या माणसाला एकदा तरी पुढे उभं राहून बोलावंसं वाटणं यात गैर काय आहे?

आता माझं सांगते, कारण तुला मी तालमीला जा म्हणते ते हवेतून म्हणत नाही.

१९८६ साली मी २६ वर्षांची होते, गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकवायचे. गावच्या बायका तेव्हा नाटकात फारशा नसत. स्त्री-भूमिकांसाठी बाहेरून कलाकार ठरवून आणायचे. त्यांची बिदागी, गाडी, राहायची सोय सगळं मंडळ बघायचं. त्या शेवटच्या दोन-तीन तालमींना यायच्या, तोपर्यंत त्यांची वाक्यं कोणीतरी वाचायचं. दोन वर्षं ते कोणीतरी मी होते. तिसऱ्या वर्षी वाचनाला मला सांगितलं, यंदा तूच उभी राहा. घरून परवानगी मिळवायला मला काय काय करावं लागलं ते इथे लिहीत नाही. मिळाली. दोन महिने तालमी केल्या. जत्रेला दहा दिवस असताना मंडळातले दोघे घरी आले आणि म्हणाले, बाहेरची नटी ठरली आहे, नाव आहे तिचं, माणसं येतील. मी चहा ठेवला आणि म्हणाले, "चालेल."

त्यानंतर मी फिरकले नाही.

आमचं घर देवळापासून एक शेत ओलांडून. जत्रेच्या रात्री पालखी झाली आणि बाराच्या सुमाराला नांदी सुरू झाली. मी माजघरात पडून होते. भोंग्यावरून एकेक शब्द ऐकू येत होता. कान बंद करून घेता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला घ्यायचेही नव्हते. पहिला अंक मी आडवी पडून ऐकला, दुसरा उठून बसून. तिसऱ्या अंकाला मी बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, येऊन उभी होते. तिथे आईचं एक मोठं भाषण होतं. ती बाई चांगलं बोलत होती, उगाच कशाला नावं ठेवू. पण मध्येच शांतता झाली. भोंग्यात नुसती घरघर. मला माहीत होतं की इथे थांबायचं नाही. दिग्दर्शकांनी माझ्याकडून ती जागा वीसदा करून घेतली होती. प्रॉम्प्टर नवा होता, त्याला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी त्या काळोखात, समोर शेत असताना, ते वाक्य मोठ्याने म्हटलं. कोणालाच ऐकू गेलं नाही. मग तिकडे तिला ते आठवलं आणि नाटक पुढे गेलं. मी मात्र पायरीवर बसून उजाडेपर्यंत रडले. भूमिका गेल्याचं रडू तोवर आटलं होतं. मी तिथे विंगेत असते तर ती शांतता झाली नसती, याचं ते रडू होतं.

दुसऱ्या दिवशी आमचे पेटीमास्तर प्रसाद आणि जत्रेचं खाजं घेऊन आले. नाटकाबद्दल अवाक्षर काढलं नाही. उठताना म्हणाले, "बाय, फुडल्या सोमारा वाचन आसा. यो." म्हणजे एकांकिकेचं वाचन. मी गेले. कोणी "का आली नाहीस" असं विचारलं नाही, जाजमावर थोडं सरकून मला जागा दिली, आणि एकाने स्वतःच्या बशीतली मिरचीभजी माझ्यापुढे केली. मंडळ मंडळ म्हणतो ते हेच, बाबा. त्यांनी माझ्यावर अन्याय केला होता आणि माझी जागाही राखून ठेवली होती. दोन्ही खरं होतं.

पुष्कळ वर्षांनी त्या दिग्दर्शकांना मी एकदा धीर करून विचारलं. ते चकितच झाले. म्हणाले, "तू हसत हसत चालेल म्हणालीस, आम्हाला वाटलं सुटकाच झाली तुझी. घरून त्रास होता ना?" ते खोटं बोलत नव्हते. माझी हौस मी इतकी जपून आत ठेवली होती की ती कोणाला दिसलीच नाही. तुझं "बरं" तसंच आहे. तीन दिवसांत तुझ्या मंडळातल्या किती जणांना कळलं असेल की तुझं मन मोडलं आहे? बरेच जण म्हणत असतील, कचेरीत वर्षअखेरीचं काम निघालं असेल, ताप आला असेल. प्रॉम्प्टर नाही म्हणून दिग्दर्शक स्वतः नाटकाचं पुस्तक धरून बसले असतील आणि चिडचिड करत असतील. रुसवा आतल्या खोलीत ठेवून कोणाला कळत नाही.

म्हणून आज जा आणि बोल. काय बोलायचं तेही सांगते. गेल्या वेळच्या गोष्टी काढू नकोस. आवाज बरा की उंची बरी या वादात शिरू नकोस, तो दिग्दर्शकाचा प्रांत आहे. एवढंच सांग, "वाचनाला तुम्ही मला शब्द दिला. मी पाच आठवडे राबलो. मला न विचारता, सगळ्यांसमोर तो काढून घेतलात, ते मला लागलं. ती भूमिका मला करायची आहे." आणि गप्प राहा. तू प्रॉम्प्टर आहेस, समोरचा थांबला की शब्द द्यायची तुला सवय. इथे देऊ नकोस. त्यांना त्यांचं वाक्य स्वतः शोधू दे. आणि हे चहाच्या गाड्यावर, माणसं नसतील अशा वेळी. तालमीत सगळ्यांसमोर बोललास तर त्यांना आपला निर्णय राखावाच लागेल.

आता तुझा दोस्त. त्याच्याबद्दल तू पत्रात वाईट शब्द लिहिलेला नाहीस, हे मला फार आवडलं. माझा अंदाज असा की किल्लेदार आधी तुझा होता हे त्याला माहीतही नसेल. माहीत असतं तर केक घेऊन तुझ्या दारात आला नसता, निदान इतक्या सहज आला नसता. बाहेर गेलेल्या माणसाची नाटकाची भूक तू समजून घे. तुझ्यासाठी तालीम म्हणजे रोजचं जेवण. तो वर्षभर पुण्याच्या फ्लॅटमध्ये मोबाइलवर तुमच्या तालमींचे व्हिडिओ बघतो, आणि कचेरीत रजा मागताना "गावी नाटक आहे" असं सांगायला लाजतो. आपल्या माणसांची ही भूक जुनी आहे. मुंबईला गेलेल्या गोवेकरांनी १९१९ साली गोवा हिंदू असोसिएशन काढली. पुढे तिच्याच कला विभागाने १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा' रंगभूमीवर आणलं, त्याचं संगीत आपल्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं. १९७० च्या डिसेंबरात 'नटसम्राट' आणलं तेही याच संस्थेने. गाव सोडून गेलेल्यांनी केलेलं हे काम आहे. गाव सुटलं की नाटक अधिकच घट्ट धरून ठेवतो आपण.

तेव्हा त्याच्यावर डूख धरू नकोस, पण त्याला अंधारातही ठेवू नकोस. दिग्दर्शकांशी बोलून झालं की त्याच रात्री त्याला सांग. तालमीनंतर तुम्ही दोघे चालत घरी जात असाल, तर त्या वाटेवर. "भूमिका परत दे" असं म्हणू नकोस, जे झालं ते सांग. तो जर आपण होऊन म्हणाला, तू कर, मी दुसरं काही करतो, तर "नको रे, तूच कर" असा खोटा मोठेपणा करू नकोस. सरळ "देव बरें करूं" म्हणून आभार मान आणि उभा राहा. तुझी पाच आठवड्यांची तालीम आहे, नाटक तुला तोंडपाठ आहे, नऊ दिवस तुला पुरे आहेत. त्याच्या जोगी एका प्रवेशाची चांगली भूमिका प्रत्येक ऐतिहासिक नाटकात असते. खलिता घेऊन येणारा जासूद जरी असला तरी राहिलेल्या दिवसांत तो छान उभा करता येतो.

आणि दिग्दर्शक हललेच नाहीत तर? तर वही धर. मनापासून धर. हे लिहिताना मलाही जड जातंय, पण उत्सवी नाटकाचा प्रयोग एकच. व्यावसायिक नाटकाचा आजचा प्रयोग पडला तर उद्या फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात, परवा मडगावच्या रवींद्र भवनात सुधारून घेता येतो. आपल्याला पुढचा प्रयोग पुढच्या जत्रेला. त्या एका रात्री विंगेत नवखा माणूस असला, तर त्याची भरपाई तुझ्या दोस्तालाच करावी लागेल. मी ती शांतता भोंग्यावरून ऐकली आहे. तुला ती ऐकायला लागू नये.

पण वही धरण्याआधी दोन गोष्टी मागून घे. एक म्हणजे रंगीत तालमीच्या आधी एक पूर्ण तालीम किल्लेदार म्हणून तुझी. तिन्ही अंक, हालचालींसकट, मध्ये न थांबता. यात कोणाचा अपमान नाही. प्रमुख भूमिकेला दुसरा तयार माणूस हवाच, सुट्टीवर आलेल्याला कचेरीतून कधी फोन येईल याचा नेम नसतो, घसा बसायला तर एक थंड बाटली पुरते. २९ तारीख धरा. मास्टर दीनानाथांचा जन्म याच दिवशीचा, १९०० सालचा, मंगेशीचा. तालमीला गावातली म्हातारीकोतारी येऊन बसतातच, पोरंही असतात. त्यांच्यासमोर तू उभा राहशील. भरजरी कपडे नसतील, दाढीमिशी नसेल, तरी त्या रात्री नाटक तुझं असेल. आणि दिग्दर्शकांनाही दिसेल की त्यांनी कोणाच्या हातात वही दिली.

दुसरी गोष्ट, पुढच्या वर्षीची. जत्रा उरकल्यावर मंडळाचा हिशेब करायला बसता ना, तेव्हा हा विषय तू काढ. ठरवून टाका की वाचनाला जो हजर त्याचीच मोठी भूमिका, आणि सुट्टीत येणाऱ्यांसाठी दोन-तीन छोट्या भूमिका पहिल्या दिवसापासून मोकळ्या ठेवायच्या. बाहेर असलेल्यांनाही ते बरं पडेल, काय वाट्याला येणार ते आधी कळेल आणि तिथे बसून पाठांतर करता येईल. मंडळात उत्साह असेल तर पुढे कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेचाही विचार करा. स्पर्धेला महिनोन्‌महिने इथेच असणारी माणसं लागतात. तिथे "हांगाच आसता" याला फार मोल आहे.

तुझ्या बायकोबद्दल थोडं सावकाशीने लिहायचं आहे. "एका रात्रीच्या नाटकासाठी" असं ती म्हणते, कारण तिला ती एकच रात्र दाखवली गेली आहे. बाकीच्या चाळीस रात्री तू जेवून बाहेर पडतोस आणि बाराला परततोस, एवढंच तिला माहीत. मुलांना नाताळची सुट्टी लागलेली, शेजारी नक्षत्रांचे कंदील लागलेले, आणि तिचा नवरा एक तर तालमीत नाही तर फोन बंद करून आतल्या खोलीत. तिने तुझ्या बाजूने रागवावं अशी तुझी अपेक्षा असेल, तर आधी तिला आत घे. उद्या तिला आणि मुलांना तालमीला ने.

आमच्या तालमींना पोरं असायचीच. दुसऱ्या अंकापर्यंत जाजमाच्या कडेला एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपून जायची. मोठी होऊन त्यांतलीच कितीतरी रंगमंचावर आली. बायका भिंतीला टेकून बसायच्या आणि चुका पहिल्यांदा त्यांनाच कळायच्या. "तो खूप वेगान बोलता" असं कोणीतरी वहिनी म्हणायची आणि दिग्दर्शक निमूट ऐकायचे. घरात कोंकणी, रंगमंचावर मराठी, आणि तालमीत दोन्हींची सरमिसळ. त्या सरमिसळीतच आमची मुलं मराठी शिकली.

आमचा प्रकाशयोजनेवाला ख्रिस्ती होता. तियात्रांचे, म्हणजे कोंकणी नाटकांचे, दिवे करून करून हात तयार झालेला, मराठी नाटक त्याला माझ्याइतकंच पाठ. २४ तारखेला आम्ही तालीम दहालाच थांबवायचो, कारण त्याला मध्यरात्रीच्या मिसेला, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेला, जायचं असायचं. पण तो आधी घरी जाऊन यायचा आणि क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट घेऊन यायचा. नेवऱ्या, दोदोल, बेबिंकाचे पातळ काप. ते खाऊन सगळे त्याला कपेलापर्यंत, म्हणजे छोट्या चर्चपर्यंत, सोडायला चालत जायचो, दिग्दर्शकसुद्धा. डिसेंबरची थंडी, शेतावर धुकं, पुढे कोणाच्या तरी हातात बॅटरी, आणि वाटेत कोणीतरी दुसऱ्या अंकातलं भाषण म्हणत चाललेला. बाहेरच्यांना गोव्याचा डिसेंबर म्हणजे कळंगुट आणि बागा, तिथली गर्दी आणि आवाज. माझा डिसेंबर म्हणजे ती चालत गेलेली वाट. ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तापासून १९ च्या गोवा मुक्तिदिनापर्यंत आणि पुढे नाताळपर्यंत, सुट्टीचा दिवस आला की आम्ही दुपारपासून तालीम धरायचो आणि कोणाच्या तरी घरून भाताचं मोठं तपेलं यायचं.

रात्री नऊनंतर मी कुठे जायचं, असं तू विचारतोस. पत्रातलं हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. तुझं उत्तर तूच लिहून ठेवलं आहेस. नऊला अग्रशाळेचं दार उघडतं, तिथे जायचं.

जाताना वही घे, ती तुझ्याचकडे असेल. फोन आत्ताच चालू कर, म्हणजे कोणाकोणाचे फोन येऊन गेले ते तुला दिसेल. आणि फ्रिजवरचा तो केकचा डबा उचल. तुम्ही दोघांनी मिळून तो तालमीत उघडा, मधल्या चहाच्या वेळी. सुरी अग्रशाळेच्या स्वयंपाकघरात असेल, नसेल तर सुतळीने कापा, आम्ही तसाच कापायचो.